तापीच्या भिंती आणि खानदेशची तहान

अमळनेर तालुक्यात पाडळसे येथे तापीच्या पात्रात काँक्रीटचे जे प्रस्तंभ उभे आहेत, ते पाहताना मनात कौतुक आणि विषाद या दोन्ही भावना एकाच वेळी उत्पन्न होतात. निम्न तापी प्रकल्प या नावाने सरकारी दप्तरात नोंदलेले हे धरण मूळ अंदाजाप्रमाणे सुमारे 142 कोटी रुपयांत व्हावयाचे होते. 1999 मध्ये कामाचा नारळ फुटला. 2023 च्या अखेरीस शासनाने त्यास जी सुधारित मान्यता दिली, ती 4,890 कोटींची होती. पाव शतकात खर्चाचा आकडा चौतीस पटींनी फुगला. आणि ज्या मुलांनी तेव्हा शाळेत या होऊ घातलेल्या धरणाविषयी ऐकले असेल, त्यांची मुले आज त्याच शाळांत बसत आहेत.

या दिरंगाईविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. अमळनेर परिसरातील लोकांना त्यासाठी आंदोलनेही करावी लागली. आज आम्हांस निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. हे धरण आज ना उद्या पुरे होईलच. त्यानंतर काय? अडलेले पाणी गावोगावच्या नळांपर्यंत जाईल, याची तजवीज कोणत्या कागदावर, कोणत्या पैशाने आणि कोणत्या मुदतीत केलेली आहे? धरण पुरे झाले असे केव्हा म्हणावयाचे, शेवटचा दरवाजा बसला तेव्हा की मे महिन्यात शेवटच्या आळीतला हंडा भरला तेव्हा?

हा प्रश्न आम्ही कल्पनेने उभा केलेला नाही. पाडळशाच्या खालच्या अंगास सुलवाडे, सारंगखेडे आणि प्रकाशे येथे तापीवर तीन बॅरेज केव्हाच बांधून झाले. शिंदखेडे, शहादे, नंदुरबार या तालुक्यांतील प्रवाशाला पुलावरून जाताना आजही ते विस्तीर्ण पाणी दिसते. परंतु काठावरच्या ज्या सहकारी उपसा योजनांनी ते पाणी वर चढवून शेतांत न्यावयाचे, त्या कित्येक वर्षे बंद पडून राहिल्या. कोठे वीजबिलाची थकबाकी, कोठे गंजलेले पंप, कोठे फुटलेले नळ. काठावरच्या शेतकऱ्याने उन्हाळ्यात बांधावर उभे राहून खालचे भरलेले पात्र पाहावे आणि वर स्वतःच्या विहिरीचा तळ पाहावा, अशी ही अवस्था. भिंत बांधणाऱ्यांनी आपले काम चोख केले. मात्र पाणी वर नेण्याचे काम कोणाचे, याचा निर्णय भिंतीच्या आधी व्हावयास हवा होता, तो झाला नाही.

याचे मूळ समजून घ्यावयाचे तर धरणाच्या रचनेकडे थोडे बारकाईने पाहावे लागेल. वाचकांनी तांत्रिक शब्दांनी बिचकू नये. यातले तत्त्व शाळकरी मुलालाही उमगण्यासारखे आहे. काँक्रीटचे धरण पाण्याला अडविते ते मुख्यतः स्वतःच्या वजनाने. एक घनमीटर पाणी एक टन भरते, तेवढेच काँक्रीट जवळजवळ अडीच टन. पाण्याचा दाब पृष्ठभागाशी शून्य असतो आणि खोलीबरोबर वाढत जातो. म्हणून भिंतही माथ्याशी अरुंद आणि पायाशी रुंद, अशी त्रिकोणी आकाराची करतात. पायाची रुंदी साधारणतः उंचीच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास ठेवावी लागते. पण पाणी केवळ पुढून ढकलीत नाही. पायाखालच्या खडकाच्या भेगांतून शिरून ते भिंतीला खालून वरही उचलू पाहते. फ्रान्समधील बूझे येथील धरण 1895 मध्ये फुटून अनेकांचे प्राण गेले, तेव्हा या उचलणाऱ्या दाबाचा धडा जगातील अभियंत्यांना नीट मिळाला. तेव्हापासून पायाच्या खडकात सिमेंटचे पाणी दाबाने भरून पडदा घालणे, भिंतीच्या पोटात बोगदा ठेवून झिरपलेले पाणी काढून देणे, या गोष्टी मोठ्या धरणांत आवश्यक मानल्या गेल्या. सिमेंट घट्ट होताना तापते आणि थंड होताना आकसते. एकसंध भिंत ओतली तर ती तडकल्यावाचून राहणार नाही. म्हणून ती सुट्या ठोकळ्यांनी बांधतात आणि ठोकळ्यांमधल्या सांध्यांत पाणी अडविणाऱ्या पट्ट्या बसवितात. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयनेच्या धरणाला वरच्या भागात, जेथे भिंतीचा उतार बदलतो त्या सुमारास, तडे गेले. ते सांधून पुढे त्या भिंतीला मागून भक्कम आधार देण्यात आला. वजनावर उभ्या असलेल्या भिंतीचा हा मोठा गुण आहे की ती घाव सोसते आणि डागडुजीला अवसर देते.

मातीच्या धरणाला तो अवसर मिळत नाही. पाणी एकदा त्याच्या माथ्यावरून वाहू लागले किंवा पोटातून वाट करू लागले, की सारे काही तासांचा खेळ. 12 जुलै 1961 च्या सकाळी पानशेतने पुण्याला हे शिकविले. आपल्या खानदेशात तर दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. गिरणा काय, वाघूर काय, धरणाची लांबच लांब बाजू मातीची. सांडव्याचा आणि दरवाजांचा भाग तेवढा दगडाचा अथवा काँक्रीटचा. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अशा धरणात काँक्रीटचा भाग मुख्यतः पूर सुखरूप खाली सोडण्यासाठी असतो. तो धरणाचा दरवाजा आहे. मातीच्या भिंतीवर पाणी चढू नये, म्हणून त्या दरवाजाने मोठ्यात मोठा पूर अंगावरून जाऊ द्यावा आणि स्वतः जागचा हलू नये, एवढेच त्याचे कर्तव्य.

तापीवर हा विचार आणखी पुढे न्यावा लागतो. सातपुडा आणि अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगररांगांमधून वाहणाऱ्या या नदीच्या दोन्ही काठांना गाळाच्या मातीचे जाड थर आहेत. पात्र खोल, काठ उंच, आणि काठाच्या वर खानदेशातील अत्युत्तम काळी जमीन व दाट वस्तीची गावे. उंच भिंत घालून मोठे सरोवर करावे, तर केळीचे मळे आणि गावेच्या गावे बुडतील. म्हणून पात्राच्या आतच पाणी राहील अशी ठेंगणी काँक्रीटची रचना करावयाची, तिच्यावर पोलादी दरवाजांची रांग बसवावयाची, पावसाळ्यात ते उचलून धरून पुराला वाट द्यावयाची आणि पूर ओसरल्यावर ते खाली सोडून मागून येणारा प्रवाह साठवावयाचा, हाच शहाणपणाचा मार्ग ठरला. हतनूरला असे 41 दरवाजे आहेत, पाडळशाला 23 व्हावयाचे आहेत. ही रचना चुकीची आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण तिचे दोन परिणाम असे आहेत की ते आराखड्याच्या दिवसापासून गृहीत धरावयास हवे होते. पहिला हा की अशा बंधाऱ्यातील पाणी सदैव खाली राहते आणि पिणारा माणूस सदैव वर. दुसरा असा की पुराबरोबर येणारा गाळ बंधाऱ्याच्या पोटी बसतो.

गाळाची कथा हतनूरला ऐकावी. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, त्याच्या किंचित खाली 1982 मध्ये हे धरण पुरे झाले. वऱ्हाडची काळी माती पूर्णा आणते, मेळघाटातला गाळ तापी आणते. एकूण साठा 388 दशलक्ष घनमीटर. त्यांपैकी 255 उपयुक्त, आणि उरलेला तळाचा भाग आराखड्यातच मृत साठा म्हणून बाजूला ठेवलेला. परंतु गाळाने तो मर्यादेचा बांध पाळला नाही आणि उपयुक्त साठ्याचा मोठा हिस्सा गिळला. भुसावळ, दीपनगरचे वीज केंद्र, आयुध निर्माण्या आणि वाटेतली गावे हे सारे ज्या एका भांड्यावर विसंबून आहेत, ते भांडे वर्षागणिक उथळ होत आहे. उथळ भांड्यातले पाणी उन्हाने लवकर आटते, आणि भुसावळचे ऊन कसे असते हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

आता पिण्याच्या पाण्याच्या वाहतुकीकडे वळू. या विषयाचे सर्वांत विलक्षण अंग हेच आहे. हतनूरचे पाणी खालच्या अंगास अमळनेर-शिंदखेड्याकडील योजनांसाठी हवे असले, की ते नदीत सोडतात आणि कलालीच्या डोहापर्यंत वाहत जाऊ देतात. गिरणेचीही तीच रीत. नांदगाव तालुक्यात पांझणला 1969 मध्ये पुऱ्या झालेल्या गिरणा धरणातून पिण्यासाठी आवर्तन सुटले, की ते चाळीसगाव, भडगाव, पाचोरे असे करीत कोरड्या वाळूतून थेट जळगाव तालुक्यातील कानळद्यापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागते. वाळू आधी आपली तहान भागविते, मग गावांची. काठावरच्या मोटारी रात्री चालू होतात, हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणाला दिसत नाही. शेवटच्या गावच्या विहिरीला पाझर फुटावा म्हणून वाटेत त्याच्या कित्येक पट पाणी खर्ची पडते. भर मार्च-एप्रिलमध्ये उघड्या पात्रातून पिण्याचे पाणी पाठविण्याची ही पद्धत म्हणजे गळक्या चाळणीने दूध वाढण्यासारखे आहे. ज्या काळी गिरणा वर्षातले आठ महिने वाहती होती, तेव्हा ती चालून गेली. आज वर चणकापूर, पुनद, हरणबारी, केळझर अशी धरणे आहेत. गिरणा धरण 2007 नंतर पूर्ण भरावयास 2019 उजाडावे लागले. इतक्या अवचित भरणाऱ्या भांड्यातील पाणी वाळूत ओतणे परवडणारे नाही.

येथे एक लहानसा हिशेब मांडणे इष्ट होईल. 2011 च्या जनगणनेप्रमाणे जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे 4 लाख 60 हजार आणि धुळ्याची 3 लाख 75 हजार होती. शहरातल्या माणसास रोज 135 लिटर पाणी द्यावे असा नियम धरला, तर या दोन्ही शहरांना मिळून वर्षाला साधारण दीड अब्ज घनफूट पाणी लागते. (अब्ज घनफुटाला आता आपले शेतकरीसुद्धा टीएमसी म्हणतात.) लोकसंख्या तेव्हापासून वाढली आहे, आपण हा आकडा दुप्पट करू, तीन अब्ज घनफूट. एकट्या गिरणा धरणाचा उपयुक्त साठा साडेअठरा अब्ज घनफूट आहे. तापी खोऱ्यातून महाराष्ट्राच्या वाट्यास आलेले पाणी 191.40 अब्ज घनफूट. हा आकडा खानदेशातील प्रत्येक सभेत ऐकावयास मिळतो आणि प्रत्येक वेळी टाळ्या घेतो. म्हणजे ज्या पाण्यासाठी लोक रात्री उठून नळाशी बसतात, ते वाट्याच्या पाण्याचा फार तर साठावा-सत्तरावा हिस्सा आहे. खानदेशची शहरे तहानलेली आहेत, पण त्यांच्या तहानेएवढे पाणी खोऱ्यात नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

मग ते का मिळत नाही? धुळ्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. या शहरात आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी आल्याची वर्षे लोकांच्या स्मरणात ताजी आहेत. घराघरांतून टाक्या, पिंपे, कळश्या यांची जी आरास दिसते, ती धुळेकरांच्या हौसेची नव्हे. शहराला नकाणे तलावाचे पाणी आहे, डेडरगावचे आहे, आणि तापीचे सुलवाड्याहून उचललेलेही आहे. या तिसऱ्या पाण्याची किंमत पाहा. धुळे समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंच. तापीचे पात्र त्याच्या शंभर मीटरांहून अधिक खाली. एक कोटी लिटर पाणी शंभर मीटर उचलावयास शुद्ध गणिताने 2,700 युनिट वीज लागते. पंपाची आणि नळातील घर्षणाची तूट धरली की ती चार हजारांच्या घरात जाते. हे रोजचे, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, आणि शहराला लागते ते काही एक कोटी लिटर नव्हे, त्याच्या कैक पट. वीज गेली की पाणी गेले. जुनी जलवाहिनी फुटली की दोन-तीन दिवसांची निश्चिंती. याउलट पांझरेवर, साक्री तालुक्यात अक्कलपाडा येथे जे धरण झाले, ते शहराच्या वरच्या अंगास आहे. तेथून आलेले पाणी उताराने येऊ शकते. म्हणूनच अमृत अभियानात अक्कलपाड्याहून धुळ्यास नळाने पाणी आणण्याची जी योजना आखली गेली, तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. फक्त एवढेच म्हणतो की हे धरण पिण्याच्या पाण्यासाठी उपयोगी पडेल हे भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावरूनही दिसत होते. मग भिंतीचा आराखडा आणि नळाचा आराखडा यांत वर्षांचे अंतर का पडावे?

पांझरेच्या काठी असा प्रश्न विचारण्यास विशेष अर्थ आहे. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नुकताच दाखल झालेला एक तरुण अभियंता याच भागात नेमला गेला आणि दातर्ती येथे पांझरेच्या प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्याच्याकडे आले. नदीला पूर, कामात वाळू भरलेली, वरिष्ठ अधीर. तरी ते काम त्याने तडीस नेले. ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे 1903 मध्ये खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे बसविले आणि त्यांची कीर्ती देशभर झाली; परंतु पाणी ज्याला पाहिजे त्याच्यापर्यंत पोचविणे हा अभियंत्याचा पहिला धर्म त्यांनी गिरविला तो खानदेशात. त्यांच्याही आधी कित्येक पिढ्या याच पांझरेवर, मोसमवर, आरमवर लोकांनी दगडी बंधारे घालून फडपद्धती चालविली. बंधारा, पाट, चाऱ्या, फड आणि पाटकरी ही एकच व्यवस्था होती. कोणत्या वर्षी कोणत्या फडास कोणते पीक, हे गाव ठरवी. पाणी उताराने जाई. पाट साफ करावयास सारे गाव उतरे. बंधारा बांधून झाला आणि पाटाचा विचार पुढच्या अंदाजपत्रकात, असे त्या निरक्षर माणसांना सुचले नसते.

जळगाव या बाबतीत धुळ्याहून भाग्यवान. अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी जी नदी वळण घेते, ती वाघूर. तिच्यावरील धरणाचे पाणी या शहरास मिळते, आणि गिरणेच्या वाळूवरचे त्याचे परावलंबन संपले. तरीही वाघूर काठोकाठ भरलेल्या वर्षी जळगावकरांनी दिवसाआड, दोन दिवसांआड पाणी भरले आहे. येथे भांडे भरलेले आणि नळही आलेला, पण शहरातील टाक्या आणि गल्लीबोळांतील वितरणाच्या वाहिन्या वाढत्या वस्तीला पुऱ्या पडत नाहीत. साखळीचे प्रत्येक शहरी निराळे कडे तुटलेले दिसते, पण कोठेही ते कडे धरणाच्या भिंतीत नाही.

राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम दिलेला आहे. पावसाळा संपला की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली पाण्याचे आरक्षणही ठरते. परंतु कागदावर पहिला असलेला हा हक्कदार प्रत्यक्षात शेवटी जेवतो, कारण त्याच्यासाठी राखलेले पाणी ज्या पातळीवर आणि ज्या वाटेने असावयास हवे, तसे ते नसते. आरक्षण आकड्यांत होते. गाळ, वाळू आणि ऊन आकडे वाचीत नाहीत. शिवाय बॅरेजच्या बाबतीत दरवाजे केव्हा खाली सोडावयाचे हा निर्णय फार नाजूक असतो. लवकर बंद केले तर उशिरा आलेल्या पुराचे भय, उशिरा बंद केले तर शेवटचा प्रवाह निघून गेलेला. सुरतने ऑगस्ट 2006 मध्ये उकाईच्या खाली जे भोगले, त्यानंतर दरवाजांवर बसलेल्या अधिकाऱ्याने सावध असावे हे योग्यच. म्हणून तर पिण्याचे पाणी एकट्या त्या दरवाजावर टांगून न ठेवता काठावर, उंचावर, साठवण तलावांत आधीच चढवून ठेवण्याची सोय पाहिजे. सप्टेंबर-ऑक्टोबरात नदी वाहती असताना, वरचे पाणी फुकट समुद्राला जात असताना, पंप चालवावेत आणि उन्हाळ्याची बेगमी करावी. यात अद्भुत असे काही नाही. घरातली गृहिणी लोणच्याच्या बरण्या वैशाखात भरते.

10 मे 2025 रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या सच्छिद्र थरांत पुराचे पाणी मुरवून रावेर-यावल पट्ट्यातील खोल गेलेल्या विहिरी वर आणावयाच्या, अशी तिची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. जमिनीच्या पोटात ठेवलेले पाणी ऊन पिऊ शकत नाही. परंतु नव्या योजनेच्या उत्साहात जुन्या योजनेची शेवटची पायरी विसरण्याची आपली खोड पाहता, पाडळशाविषयी आमच्या अपेक्षा आताच स्पष्ट सांगणे बरे.

तापी पाटबंधारे विकास महामंडळाने दरवाजांच्या कामाबरोबरच, एकाच वेळापत्रकात, उपशाच्या पंपगृहांचे, चढत्या नळांचे आणि त्यांच्या वीजजोडणीचे काम हाती घ्यावे व त्याची तारीख लोकांस सांगावी. वीजबिल कोण देणार, शासन, पालिका की पाणी वापरणारी गावे, याचा लेखी करार पंप बसण्यापूर्वी व्हावा. सारंगखेडे-प्रकाश्याच्या योजना याच एका कलमावर बुडाल्या. अमळनेर, चोपडे, पारोळे, शिंदखेडे आणि शिरपूर या तालुक्यांतील शहरांसाठी किती पाणी, कोणत्या पातळीवरून, कोणत्या नळाने उचलले जाईल, ते आराखड्यात आजच लिहिले जावे; आणि ते पाणी बंद नळातूनच जावे, पुन्हा वाळूतून नव्हे. तळाशी गाळ किती साचला याची मोजणी पहिल्या वर्षापासून ठराविक मुदतीने होऊन तिचे आकडे जिल्ह्याच्या पाणी आरक्षणाच्या बैठकीत ठेवले जावेत. हतनूरला जे बऱ्याच उशिरा कळले, ते येथे वेळेवर कळावे. लोकप्रतिनिधींनी पुढच्या अधिवेशनात किती टक्के काँक्रीट झाले हा प्रश्न विचारावा, त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न त्यांनी लावावा: निम्न तापीच्या 4,890 कोटींपैकी पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी किती रुपये आहेत, आणि ते नसतील तर कोणत्या खात्याकडून, कोणत्या वर्षी येणार आहेत? या प्रश्नाचे उत्तर आले की ते आम्ही याच पृष्ठावर, ठळक टाइपात, छापू.